मास्टरचा उजवा हात

शिंप्याला आमच्या गल्लीत मास्टर म्हणतात. बाईमाणूस असली तरी मास्टरच. माझी मावशी एकतीस वर्षं मास्टर होती. जिन्याखालच्या खोलीत तिचं दुकान होतं, आठ बाय दहाचं. एका कडेला शिलाई मशीन, मधोमध सागवानी कटिंग टेबल आणि उरलेल्या जागेत गिऱ्हाईक. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाने पायरीवर थांबायचं. "मास्टर, कंबर ढिली करा, श्वास घेता येत नाही." "मास्टर, उद्या द्याच, परवा मुलगी बघायला जायचंय." मावशी तोंडात टाचण्या धरून नुसती मान हलवायची, आणि कपडा उद्या तयार असायचा.

मी तिच्याकडेच वाढले. नववीत शाळा सोडली. आता टायरच्या दुकानात आहे, चाकं काढते, बसवते, पंक्चर काढते. हे एवढ्याचसाठी सांगितलं की पुढे मी मशीनबद्दल काही बोलले तर 'हिला काय कळतंय' असं म्हणू नका. फिरणाऱ्या वस्तूंचं मला कळतं.

मावशीचा आधी उजवा डोळा गेला, मग डावा. अगदी आंधळी नाही झाली. कडेचं सगळं दिसतं, पण जिथे बघायचं नेमकं तिथेच डाग. सुईचं भोक दिसेना. टाका दिसेना. डोळ्याच्या डॉक्टरने सांगितलं, "बारीक काम बंद." घरी येऊन तिने त्या आठवड्यात हातातले कपडे पुरे केले आणि दुकान बंद केलं. मी म्हणाले, "अगं, थोडं थोडं कर ना. जाड शिलाई कर." ती म्हणाली, "उगाच कोणाची बाही वाकडी शिवायची नाही मला."

पुढचे तीन महिने मला आठवायलाही नको वाटतात. ती घरातला पडदा उसवायची. उसवून इस्त्री करायची आणि घडी घालून ठेवायची. मग दुसरा पडदा. दादा, म्हणजे तिचा मुलगा, लांब नोकरीला असतो, तो फोनवर म्हणायचा, "आई, आता आराम कर." ती म्हणायची, "आराम म्हणजे नक्की काय करतात ते तरी सांग, तसं करते." खालचा किराणावाला एकतीस वर्षं तिला मास्टर म्हणत होता, तो एक दिवस म्हणाला, "काय काकू, साखर देऊ का?" ती साखर न घेताच वर आली.

तर टेबल. दुकानाची जागा रिकामी करायची होती. शिलाई मशीन वर घरात आलं, पण टेबल काही जिन्यातून येईना. आम्ही ते उघडलं. फळी दादाच्या ओळखीच्या एकाने नेली. राहिले चार पाय. चौकोनी, चांगले मनगटाएवढे जाड, तेल पिऊन काळे झालेले. एका पायाला खाली खाच पडलेली होती, शिवता शिवता उठून कटिंगला आली की मावशी तिथे टाच टेकवायची म्हणून. मी म्हटलं, "टाकून देऊ?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प पाय उचलले.

"याचं स्टूल करून घेऊ," ती म्हणाली. "कातारी कुठे असतो विचार."

कातारी म्हणजे लाकूड मशीनवर फिरवून पटाशीने गोल कातणारा. खुर्चीचे पाय, कठड्याचे दांडे, पलंगाचे खूर, सगळं त्याचं. आमच्याकडे एकच उरलाय, लाकडाच्या वखारीमागे त्याची शेड आहे. सगळे त्याला कातारीकाका म्हणतात. मी चार पाय स्कूटरवर बांधले, मावशीला मागे बसवलं आणि गेलो.

काका लेथवर काहीतरी कातत होते. लाकूड गरगर फिरत होतं, पटाशी टेकलेली, आणि ढलप्या वळून वळून त्यांच्या खांद्यावरून उडत होत्या. मावशी दारात उभी राहिली ती राहिलीच. वखारीतल्या माणसाने चहा आणून दिला, तो तिच्या हातात गार झाला.

"बाई, तुमचं काय काम ते सांगा," काका मशीन न थांबवता म्हणाले.

"याचं स्टूल करायचं होतं."

"ठेवा तिथे. पंधरा दिवसांनी या."

ती हलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुम्ही लाकडाकडे बघत नाही आहात."

काकांनी मशीन बंद केलं. "काय?"

"तुमचं लक्ष दाराकडे होतं. हात आपला चालला होता. तुम्ही ऐकून कातता का?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "अर्धं ऐकून, अर्धं हाताला कळतं. डोळा शेवटी लागतो."

"मग मला शिकवा," मावशी म्हणाली.

मीच दचकले. काका हसले. "वय काय तुमचं?"

"सत्तावन्न. तुमचं?"

"एकाहत्तर."

"मग तुम्ही थांबलात का?"

मी मोठ्याने हसले. काकांनी भुवया उचलल्या. "ही कोण?"

"ही माझी," मावशी म्हणाली. तेवढंच.

रविवारी सकाळी काकांकडे हौशी लोक यायचे. शेडमध्ये तीन लेथ होते, आठवडाभर दोन पडूनच असायचे. एक दातांचे डॉक्टर होते, त्यांना आठवडाभर लोकांच्या तोंडात बघून कंटाळा यायचा. एक पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा होते. ते पाच महिने एकच फुलदाणी करत होते, दर रविवारी ती थोडी बारीक व्हायची. आता त्यात एक फूलही मावलं नसतं. मावशी तिसरी.

सागाच्या पायांना काकांनी हात लावू दिला नाही. कोपऱ्यात उभे करून ठेवले. "आधी निलगिरीवर हात बसू दे. सरपण आहे, बिघडलं तरी चुलीत जाईल. साग बिघडवलात तर मला झोप लागणार नाही."

तिला पहिला धडा दिला तो असा: पटाशी आधी टेक्यावर, म्हणजे लाकडासमोरच्या आडव्या लोखंडी पट्टीवर ठेवायची, मग लाकडाला लावायची. आधी लाकडाला लावली की मशीन ती हातातून हिसकावून घेणार. दुसरा धडा तिने स्वतःच काढला. चौकोनी तुकडा लावला की पटाशीखाली टकटकटक आवाज येतो, कारण कोपरे येऊन आदळतात. कोपरे गेले की आवाज सलग होतो. "गोल झालं," मावशी डोळे मिटून सांगायची. डॉक्टर हात लावून बघायचे आणि खरंच गोल असायचं. डॉक्टरांना हे जमायला दोन महिने लागले होते. हे त्यांनीच सांगितलं. मी नसतं सांगितलं असं नाही, पण त्यांनीच सांगितलं.

तिसऱ्या रविवारी तिने निलगिरीचा एक दांडा काढला. हातोडीचा. तो आज माझ्या दुकानातल्या हातोडीला आहे. आमचा मालक म्हणाला, "कुठून आणलास?" मी म्हटलं, "विकत मिळत नाही."

सोमवार ते शनिवार ती हातांनी हवेत काहीतरी करत असायची. पडदे उसवणं बंद झालं. केसात भुसा घेऊन किराणावाल्याकडे जायची आणि त्याने काकू म्हटलं तरी साखर घेऊन यायची.

चौथ्या रविवारी ते झालं.

तिने नवा चौकोनी तुकडा लावला होता. थोडा कातला आणि कुठवर आलंय ते बोटाने बघायचं म्हणून बटण बंद केलं. काका वखारीच्या दारात कोणाशी तरी बोलत होते. बटण बंद केलं तरी लाकूड लगेच थांबत नाही, गरगरत राहतं. आणि मावशीचा उजवा हात उठला.

आता हे शिवणाऱ्यालाच कळेल. शिलाई मशीन थांबवायचं म्हणजे पाय उचलायचा आणि उजवा तळवा चाकावर ठेवायचा. चाक थांबतं. दिवसातून हजारदा. एकतीस वर्षं. तो हात मावशीला विचारून उठत नाही, तो आपला आपण उठतो. शिवाय चौकोनी लाकूड जोरात फिरत असलं की गोल दिसतं. मला गोल दिसतं, तर तिला मधोमध डाग असताना काय दिसणार? तिला तिथे चाक दिसलं. तिने तळवा ठेवला.

चार कोपऱ्यांनी एकापाठोपाठ एक मारलं. ठाक्, आणि मग काहीच नाही. ती ओरडली नाही. "अगं बाई," एवढंच म्हणाली आणि हाताकडे असं बघायला लागली की जणू दुसऱ्याचा आहे. अंगठ्याच्या मुळाशी फाटलं होतं. डॉक्टरांनी धावत येऊन रुमाल गच्च बांधला. "दात असता तर इथेच केलं असतं," ते म्हणाले, "हातासाठी दवाखान्यात चला."

काका आले. आणि घाबरलेल्या माणसासारखे ते ओरडायला लागले.

"बंद! आजपासून बंद! ही काय खेळण्याची वस्तू आहे? फिरत्या लाकडावर हात?"

"तिला दिसत नाही नीट, माहितीये ना तुम्हाला?" मी म्हणाले.

"म्हणूनच बंद!"

"आणि तुम्ही? तुम्हीपण हातानेच थांबवता! दर रविवारी बघते मी!"

खरं होतं ते. काका बटण बंद करून लेथच्या डोक्याला मागे जे गुळगुळीत लोखंडी चाक असतं, त्यावर तळवा दाबायचे. लाकडावर नाही, चाकावर. पण हातानेच.

"माझा हात पन्नास वर्षांचा आहे त्या कामात," काका हळू आवाजात म्हणाले.

"तिचाही एकतीस वर्षांचा आहे!"

"गप्प बस गं," मावशी म्हणाली. "ते बरोबर बोलतायत."

काकांनी तिच्याकडे बघितलं. "बाई, राग मानू नका. तुमचा हात चांगला आहे, पण तो तुमचं ऐकत नाही. ज्या दिवशी ऐकेल त्या दिवशी या. नाही ऐकला तर येऊ नका. मला माझ्या शेडमध्ये कोणाची बोटं गोळा करायची नाहीत. आणि हे तुमचे पाय घेऊन जा."

"त्यांचे पाय त्यांच्यापाशीच आहेत," डॉक्टर म्हणाले. कोणी हसलं नाही. मी चार सागाचे पाय उचलले.

दवाखान्यात पाच टाके पडले. मावशी शेवटपर्यंत बघत होती, म्हणजे कडेने बघत होती, तिला तसंच दिसतं. बाहेर आल्यावर म्हणाली, "टाका लांब घेतलाय त्याने. आणि गाठ उगाच मोठी."

"मावशी, आपण दुसरा कातारी शोधू," मी म्हणाले. माझं डोकं अजून तापलेलं होतं. "तीस किलोमीटरवर असला तरी नेईन तुला. याची गरज नाही आपल्याला."

"मिळेल गं दुसरा," ती म्हणाली. "पण तिकडे जाताना हात तर हाच नेणार ना मी?"



पाय दाराआड उभे केले. येता-जाता तिला लागायचे. मी म्हटलं, पलंगाखाली सरकवते. नको म्हणाली. दादाचा फोन आला, त्याला मी टाक्यांचं सांगायला नको होतं, पण तोंडातून गेलं. त्याने अर्धा तास भाषण दिलं. "या वयात हे काय सुचतं तिला? आणि तू काय करत होतीस तिथे?" मी म्हटलं, "मी बघत होते. तू बघितलंयस का तिला कातताना? मग बोलू नकोस." फोन कोणी ठेवला ते आठवत नाही, बहुतेक मीच.

टाके निघाले त्या दिवशी मावशीने शिलाई मशीनवरचं कव्हर काढलं. मला वाटलं शिवणार. ती बसली, रिकामं मशीन जोरात चालवलं, पाय उचलला. उजवा हात चाकावर.

"बघितलंस?" ती म्हणाली. "मी मनात म्हणत होते, ठेवायचा नाही. तरी गेला."

पुन्हा. पुन्हा गेला. वीस वेळा केलं, अठरा वेळा गेला. मग तिने लाकडी फूटपट्टी माझ्या हातात दिली. "हात उठला की मार."

"मी नाही मारणार तुला."

"मार म्हणते ना."

एकदा मारली. इतकी हळू की माशी बसली असती तर उडाली नसती. शाळेत मी जेवढ्या पट्ट्या खाल्ल्या तेवढ्या सगळ्या आठवल्या, आणि त्यातली एकही कामाला आली नव्हती हेही आठवलं. पट्टी पलंगावर फेकली. "त्याने काही होत नाही," मी म्हटलं. "मला विचार. 'हात बांधून बस, हात बांधून बस' म्हणून म्हणून सगळे मास्तर थकले. मी बसले का?"

मावशी माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत होती, म्हणजे मला नीट बघत होती.

"तू कधी बसायला लागलीस?" तिने विचारलं.

"टायरच्या दुकानात. हातात पाना आला तेव्हा."

"हं," ती म्हणाली. आणि उठून तिने जुनं कपाट उघडलं.

तळाशी खाकी जाडं कापड पडलं होतं, गणवेशाच्या कामातलं उरलेलं. ते तिने जमिनीवर पसरलं. खडू नाही, पट्टी नाही, वितीने मापत गेली. एक वीत, दोन, चार बोटं. कात्री मात्र तीच जुनी. मला म्हणाली, "दोरा ओव." मी ओवला. मी दोरा ओवणं म्हणजे बघवत नाही, थुंकी लावते, दोन शिव्या देते, मग जातो. तिने जाड शिलाई मारली, बोटाने चाचपत, एक हात कापडाच्या कडेवर. तिला डोळ्यांची गरज पडली नाही. तुटला दोरा की मी पुन्हा ओवायचे. तीन संध्याकाळी आमच्या घरात मशीन चाललं. दुकान बंद झाल्यापासून शिवायला पहिल्यांदाच. खालचा किराणावाला जिन्यात येऊन ऐकून गेला.

तिने ॲप्रन शिवला होता. पण असा मी कधी बघितला नाही. मागून बंद होणारा, पुढे एकही नाडी नाही. बाह्या मनगटाशी घट्ट. आणि एकच खिसा, तोही मागे, उजव्या कमरेवर. आत हात घालून बघितला तर खिशाच्या तळाशी एक मोठं कोटाचं बटण शिवलेलं.

"हे काय?"

"हाताला नुसतं नको म्हणून चालत नाही," मावशी म्हणाली. "तुझ्यासारखाच आहे तो. त्याला काम द्यावं लागतं. मशीन बंद केलं की हा इकडे जाणार, बटण धरणार आणि चाक आपणहून थांबेपर्यंत धरून ठेवणार. मग सोडणार."

मग तिने ॲप्रन घालून सराव केला. शिलाई मशीनवर, पंख्यावर, मिक्सरवर. भाजी चिरता चिरता शिट्टी झाली, गॅस बंद केला की हात मागे खिशात. मी हसून हसून मेले. किती वेळा केलं मला माहीत नाही. तिला तर अजिबात माहीत नव्हतं, ती मोजत नव्हती.

मग एका रविवारी सकाळी ती ॲप्रन घालूनच स्कूटरवर बसली. मी चारही पाय आधीच बांधून ठेवले होते. ती म्हणाली, "अगं, अजून त्यांनी हो कुठे म्हटलंय?" मी किक मारली.

काकांनी दारातच बघितलं. "हा काय अवतार?"

मावशीला दुकानात गिऱ्हाइकाला कपडा दाखवताना जसा आवाज लागायचा तसाच लागला. "बाही घट्ट आहे, लोंबणारं काही नाही. गळा बंद आहे, ढलप्या आत जात नाहीत. पुढे खिसा नाही, पुढच्या खिशात भुसा साठतो. तुमचा शर्टाचा खिसा बघा."

काकांनी आपल्या खिशात बोटं घातली. मूठभर भुसा निघाला, अर्धी पेन्सिल आणि एक बसचं तिकीट. पोस्टाच्या आजोबांनीही आपला खिसा बघितला.

"आणि हा मागचा?"

"तो माझ्या हातासाठी. बघा तुम्ही."

काकांनी स्वतः चौकोनी तुकडा लावला. परीक्षा एवढीच होती. मशीन चालू करायचं, थोडं कातायचं, बंद करायचं. ते तिच्या उजवीकडे उभे राहिले, तिचा हात मध्येच पकडता येईल असे. पहिल्यांदा बंद केलं, मावशीचा हात मागे खिशात गेला. लाकूड गरगरलं, मंदावलं, कोपरे दिसायला लागले, थांबलं. हात बाहेर. दुसऱ्यांदा तसंच. पाचव्यांदा डॉक्टर स्वतःचं काम सोडून आले. सातव्यांदा बटण बंद होताहोताच काका मुद्दाम मागून ओरडले, "अहो, सांभाळा!" हात खिशात. मीच उडाले, ती नाही.

दहाव्यांदा ती दमली होती. बटण बंद केलं आणि हात उठला. मी बघितलं. सगळ्यांनी बघितलं. वीतभर वर आला, लाकडाच्या दिशेने. काकांचा हातही पुढे आला.

आणि मग मावशीचा हात हवेतच वळला, मागे गेला आणि खिशात शिरला.

लाकूड थांबलं.

"उठला," काका म्हणाले.

"उठला," मावशी म्हणाली. "खोटं कशाला बोलू? एकतीस वर्षांचा आहे, उठणारच. पण गेला कुठे ते बघितलंत ना?"

काका आपल्या लेथच्या मागच्या लोखंडी चाकाकडे बघत होते, जे त्यांच्या तळव्याने चकचकीत झालेलं होतं. मला बोलायचं होतं. मी ओठ चावून गप्प बसले, हे माझ्यासाठी किती आहे ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

"तुमचे पाय कुठे आहेत?" काकांनी विचारलं.

"स्कूटरवर!" मी ओरडले. "चारही!"

पहिला पाय लेथला लागला तो खाच पडलेलाच. काकांनी अंगठा फिरवून ती खाच दाखवली. "ही जाणार बरं का. गोल करायचा तर एवढं लाकूड काढावंच लागतं."

मावशीने ती खाच चाचपली. टाचेची जागा. मला वाटलं, आता म्हणेल राहू दे, दुसरा लावा.

"जाऊ दे," ती म्हणाली. "पाय शाबूत आहे माझा, परत पाडीन."

टकटकटक सुरू झालं. वरचा काळा थर उडाला आणि आतून सोन्यासारखं पिवळं लाकूड निघालं, सगळ्या शेडमध्ये सागाचा वास. आवाज सलग झाला. मावशीने डोळे मिटले होते. काकांनी एकदाही तिच्या पटाशीला हात लावला नाही.

चार रविवारी चार पाय झाले. स्टूल आता घरात शिलाई मशीनसमोर आहे. एक पाय इतर तिन्हींपेक्षा जरा पोटाला जाड आहे, कुठला ते मी सांगणार नाही. ती सांगते. येईल त्याला उलटं करून दाखवते आणि म्हणते, "हा पहिला."

ॲप्रनचं असं झालं की डॉक्टर म्हणाले मला एक पाहिजे. मग आजोबा. दोरा ओवायला मी, शिलाई तिची. खाकी कापड संपलं तेव्हा मी टायरच्या दुकानातलं ताडपत्रीसारखं जाड निळं कापड मालकाला सांगून आणलं. डॉक्टर तर दाढ काढतानाही मागे हात नेतात म्हणे, त्यांच्या नर्सने सांगितलं. काका हे सगळं दुरून बघत होते. एका रविवारी सगळे गेल्यावर ते पुढे आले. आम्ही निघतच होतो.

"मास्टर," ते म्हणाले.

मावशी थांबली. तिने मान वळवली नाही, पण थांबली. तिला हे त्या शेडमध्ये कोणी म्हटलं नव्हतं. मी सांगितलेलं नव्हतं. कोणी सांगितलं ते अजून माहीत नाही. माझा संशय किराणावाल्यावर आहे, त्याचा भाऊ वखारीत असतो.

"माझं माप घेता का?" काका म्हणाले. "भुसा फार जातो हो गळ्यातून."

"घेते की."

"फक्त तो खिसा नको. मला गरज नाही त्याची."

"मग नाही शिवत," मावशी म्हणाली. "अर्धा कपडा मी कधी दिला नाही. खिसा असणार, बटण असणार, आणि हातही त्यात जाणार."

काकांनी माझ्याकडे बघितलं, बहुतेक मी मध्ये पडेन म्हणून. मी आभाळाकडे बघितलं. शेवटी त्यांनी दोन्ही हात वर केले, शाळेतल्या पोरासारखे, आणि मावशी वितीने माप घ्यायला लागली. "छाती पाच विती आणि दोन बोटं. लिही गं." मी वखारीच्या भिंतीवर खडूने लिहिलं. अजून आहे तिथे.

पुढच्या रविवारी काका निळा ॲप्रन घालून कातत होते. मावशी शेजारच्या लेथवर होती. काकांनी बटण बंद केलं. त्यांचा हात उठला आणि सरळ त्या चकचकीत चाकाकडे निघाला. मावशीचं तोंड दुसरीकडे होतं, तिला दिसणं शक्यच नव्हतं. तिने फक्त मशीनचा आवाज बदललेला ऐकला.

"काका," ती म्हणाली.

हात थांबला. मग वळला, मागे गेला, आणि खिशात थोडा वेळ चाचपडत राहिला.

"सापडलं का बटण?"

"सापडलं," काका म्हणाले, आणि लाकूड आपणहून थांबेपर्यंत आम्ही सगळे तसेच उभे राहिलो.